पासंग

वाढदिवसावरून भांडण व्हावं, असं काही आमचं घर नव्हे. माझ्या पिढीपर्यंत आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असतो, हेच मुळात कुणाला माहीत नव्हतं. माझी शाळेतली जन्मतारीख १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती, कारण दाखल करताना हेडमास्तरांना वय बसवायचं असे आणि जून महिना समोर असे. अम्मीला विचारलं तर ती सांगायची, "तू पोळ्यानंतरच्या पहिल्या जुम्म्याला झालास. त्या साली पऱ्हाटी चांगली होती." पोळा कळला, जुम्मा कळला. साल कोणतं, ते त्या पऱ्हाटीलाच ठाऊक.

अम्मीची नऊ बाळंतपणं झाली. आम्ही पाच जगलो. जे चार गेले ते सगळे दोन-अडीच वर्षांच्या आतले. त्यामुळे मूल दोन वर्षांचं झालं की ती सुटकेचा श्वास टाकायची, कमरेचा जुना काळा दोरा काढून नवा, थोडा लांब दोरा बांधायची आणि शेजारच्या पोरांना गूळ वाटायची. एवढाच आमचा वाढदिवस. त्याला ती वाढदिवस म्हणत नव्हती. "अल्लानं दिलं, ठेवलं" एवढंच म्हणायची.

हे सगळं आठवायचं कारण, यंदाच्या जानेवारीत आमची नात दोन वर्षांची होत होती. घरात तिला मुन्नी म्हणतात, जशा सगळ्याच घरांतल्या लहान मुली मुन्नी असतात. पंधरा दिवस आधी जेवणं आटोपल्यावर बहूनं मोबाइल माझ्यापुढे धरला. दारव्ह्यातल्या एका हॉलचं पॅकेज होतं. फुग्यांची कमान, दोन मजली केक, साऊंड, शंभर ताटं. सगळं मिळून सत्तावीस हजार. मुलगा ताटाकडे बघत बसला होता. म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं आणि मला विचारायचं काम तिच्याकडे आलं होतं.

मी निवृत्त शिक्षक. समोर फळा नसला तरी शिकवण्याची खोड जात नाही. मी हिशेब मांडला. मुलाचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याची गिऱ्हाइकं सगळी शेतकरी आणि उधारी कापूस विकल्यावर मिळते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. सत्तावीस हजार म्हणजे सव्वातीन क्विंटलच्या वर कापूस. आपल्याकडच्या कोरडवाहू जमिनीत एका एकराचं जवळपास सगळं पीक. एका संध्याकाळीत, तीन तासांत, एक एकर उडवायचं? तेही अशा पोरीसाठी जिला त्यातलं काही आठवणार नाही?

बहू शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अब्बा, बाबूच्या वेळी कापसाचा हिशेब कुणी मांडला नव्हता."

ती उठून मोरीकडे गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. मी तोंडात घास असल्यासारखा गप्प बसलो.

बाबू म्हणजे माझा नातू, आता सहा वर्षांचा. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही हॉल घेतला होता. एकतीस हजार खर्च आला आणि त्यातले पंधरा हजार मी पेन्शनमधून आनंदानं काढून दिले होते. तेव्हा मला एकही एकर आठवला नव्हता. त्या दिवशी साऊंड सुरू होताच पोरगं जे भेदरलं ते रडून रडून झोपी गेलं. केक आला तेव्हा त्याच्या झोपलेल्या मुठीत सुरी धरवून आम्ही केक कापला. त्या फोटोत आम्ही सगळे हसतो आहोत आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याची मान खाली पडली आहे. पाहुणे जेवून गेले, अर्धा पुलाव उरला आणि हॉलवाल्याचे शेवटचे पैसे फेडायला मुलाला चार महिने लागले. हे सगळं मला मुन्नीच्या वेळी सुचलं. शहाणपण आलं ते नेमकं मुलीच्या पाळीला. बहूचं बोट बरोबर तिथं होतं.

खरं तर खर्च करायचाच असेल, तर या पोरीवर करायला हवा होता. मुन्नी सातव्या महिन्यात झाली. वजन चौदाशे ग्रॅम. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात ती सव्वीस दिवस होती. सुरुवातीला काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली. मग डॉक्टरांनी बहूला सांगितलं की बाळाला कपडे न घालता छातीशी धरून बसायचं, जास्तीत जास्त वेळ, मध्ये काही नको, कातडीला कातडी लागली पाहिजे. कांगारू जसं पिल्लाला पोटाच्या पिशवीत धरतं तसं. मला वाटलं, गरिबांच्या दवाखान्यात पेट्या कमी, म्हणून ही तोंडाला पुसलेली पानं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही पद्धत कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीला पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणूनच सुरू झाली आणि आता जगभरचे डॉक्टर ती मुद्दाम वापरायला सांगतात. स्वस्त होती म्हणून ती हलकी ठरली नाही. बहू दिवसाचे कितीतरी तास तशी बसून असायची. मी खिडकीच्या बाहेरून बघायचो. मुन्नीचं डोकं माझ्या मुठीएवढं होतं.

सातव्या दिवशी अकीका करायचा असतो. मुलाला दोन बोकड, मुलीला एक. बाळाचे केस काढून त्यांच्या वजनाइतकी चांदी खैरात करायची. सातव्या दिवशी आमची मुन्नी पेटीत होती. केस काढायचे कुठून, आणि बोकड घ्यायला दवाखान्याच्या फेऱ्यांतून पैसे उरले होते कुठे? बाबूचा अकीका थाटात झाला होता. मुन्नीचा राहून गेला, तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी भाईजानांना हे कळलं. ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे, पाचही वेळा मशिदीत जाणारे. ते आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "केक कापणं, मेणबत्त्या फुंकणं हे आपल्यात नाही. अकीका बाकी आहे तो करा. बाकी सगळी नक्कल आहे." आपल्या समाजात ही चर्चा नवी नाही. कुणी वाढदिवसाला बिदअत म्हणतं, कुणी म्हणतं की ही इबादत नव्हेच, साधी खुशी आहे, तिला बिदअत कशी म्हणायची? मी भाईजानांना एक हदीस आठवून दिली. रसूलुल्लाहांना सोमवारच्या रोज्याविषयी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की त्या दिवशी माझा जन्म झाला. भाईजान म्हणाले, "बरोबर. रोजा धरला. केक नाही कापला." त्यांना उत्तर देणं सोपं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही केकची बाजू लढवायची नव्हती. मला बहूच्या त्या एका वाक्याला उत्तर द्यायचं होतं.

ते मिळालं माळ्यावर.

आमचे वालिद दारव्ह्याच्या बाजारात मापाडी होते. कापसाच्या दिवसांत बंड्यांची रांग लागायची. इथला कापूस शकुंतला गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून पुढे मुंबईला जायचा. आता ती गाडी बंद झाली आहे. बाजारात मोठे काटे होते, पण धान्यासाठी वालिदांचा स्वतःचा एक तराजू होता. लोखंडी दांडी, दोन पारडी, साखळ्या. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा त्यांनी वजनं बदलली, तराजू तोच ठेवला. ज्वारी मोजताना ते पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत. बाजारात शेतकऱ्यांच्या पद्धतीनं 'लाभ' म्हणायचे आणि घरी मोजताना 'बरकत'. लाभ, दोन, तीन. बरकत, दोन, तीन. लहानपणी मला वाटायचं की आकड्यांची सुरुवातच अशी होते. शाळेत पहिल्या दिवशी मी 'बरकत' म्हणालो आणि वर्ग हसला.

जुनी कागदपत्रं शोधायला मी माळ्यावर चढलो होतो आणि तो तराजू हाताला लागला. त्याबरोबर एक वाचलेली गोष्ट आठवली. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत बादशहाच्या तुळेचं वर्णन केलं आहे. अकबर वर्षातून दोनदा, सूर्याच्या आणि चंद्राच्या वर्षाप्रमाणे, तराजूत बसायचा आणि सोनं, रेशीम, तांबं, फळं, भाज्या अशा अनेक जिनसांनी त्याची तुळा व्हायची. मग ते सगळं वाटून टाकायचं. हिंदू राजांचं तुलादानच त्यानं उचललं होतं. पण त्यात शहजाद्यांविषयी एक बारीक गोष्ट दिली आहे. शहजाद्याला पहिल्यांदा तराजूत बसवायचं ते दोन वर्षांचा झाल्यावर, आणि तेही एकाच जिनसेनं. पुढे दर वर्षी एकेक जिन्नस वाढवायची. बादशहाच्या घरातही दोन वर्षांच्या पोराला एकच वस्तू! वाढदिवसाला आपण सालगिरह म्हणतो. सालाची गाठ. दर वर्षी दोऱ्याला एक गाठ मारायची, म्हणजे वय कळतं. अम्मीचा काळा दोरा आणि बादशहाची सालगिरह एकाच घराण्यातली निघाली.

रात्री मी बहूला आणि पत्नीला समोर बसवलं. आधी कबूल केलं की बाबूच्या वेळी हिशेब मांडला नव्हता, आता मांडला, ही माझी चूक. तेव्हा माझ्या खिशातून पंधरा हजार गेले होते. तेवढेच पंधरा हजार मुन्नीच्या नावे मी आजच बाजूला काढतो. हॉलवर घालायचे की आणखी कशावर, हे बहू ठरवील. मग तराजूची गोष्ट सांगितली.

बहू बराच वेळ बोलली नाही. मग तिनं विचारलं, "अब्बा, तराजूत बसली तर तिचं वजन सगळ्यांना दिसेल?"

मी म्हणालो, "दिसेल."

"मग तेच करू," ती म्हणाली. "दवाखान्यात असताना सगळ्यांनी येऊन सांगितलं होतं, वाचणार नाही म्हणून. त्या सगळ्यांना बोलवा."

तेव्हा मला कळलं की तिला हॉल नको होता. तिला साक्षीदार हवे होते. हॉलमध्ये शंभर माणसं येतात, म्हणून तिनं हॉल मागितला होता.

पंधरा हजारांचंही तिनंच ठरवलं. दोन पाठी घ्यायच्या, मुन्नीच्या नावानं. आमचं घर गावाच्या कडेला आहे, मागे मोकळी जागा आहे. भाईजानांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा खूश दिसले. म्हणाले, "त्यांच्याच पिल्लातून पुढे अकीका होईल, इन्शाअल्ला."

मग तयारी. एकच जिन्नस कोणती, यावर घरात मतदान झालं. पत्नी म्हणाली गूळ. मुलगा म्हणाला केळी. बाबू म्हणाला, "मुरमुरे!" का, तर ते खूप येतात. मास्तरकीतल्या माझ्या जिवाला हे एकदम पटलं. गुळाची एक ढेप ठेवली की दांडी खाली, खेळ खलास. मुरमुरे कितीही घाला, पारडं हलतच नाही, पोरांना गंमत. शिवाय दोन वर्षांच्या पोरांना मुरमुरे चालतात. शेंगदाणे, फुटाणे अशा टणक दाण्यांचा एवढ्या लहान पोरांना ठसका लागतो, दाणा श्वासनळीत अडकतो, म्हणून ते वर्ज्य. फुगेही नकोत असं बहूनंच सांगितलं. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात घालून पोरं गुदमरतात, हे तिला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. त्याऐवजी बाबूनं आणि शेजारच्या पोरांनी रंगीत कागदाच्या पताका कापल्या. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे उडवायला एरंडाच्या पोकळ देठाच्या नळ्या केल्या. पण एरंड विषारी, पोरं नळी चोखतील, म्हणून पत्नीनं त्या फेकून दिल्या आणि पपईचे देठ आणले.

वेळ ठरवली सकाळी दहाची. दुपारी मुन्नी झोपते, संध्याकाळी थंडी पडते आणि ती किरकिर करते. बाबूच्या वेळी आम्ही पाहुण्यांच्या सोयीची वेळ धरली होती. दोन वर्षांच्या पोराचा उत्साह तासाभराचा असतो. त्यापुढचा कार्यक्रम मोठ्यांचा. म्हणून सगळं तासाभरात आटोपायचं. साऊंड नाही.

खर्च मी लिहून ठेवला आहे. मुरमुरे अकरा किलो, सत्तर रुपयांप्रमाणे ७७०. गुलगुल्यांचा आटा, गूळ आणि तेल ३८०. घरीच पातेल्यात मिठावर ठेवून केलेल्या रव्याच्या केकचं सामान २५०. फ्रॉक ५००. खाकी कागद आणि दोरा १५०. पताकांचा कागद ६०. एकूण २,११० रुपये. वर्तमानपत्राच्या पुड्या फुकट झाल्या असत्या, पण छपाईची शाई खाण्याला लागते, म्हणून कोरा खाकी कागद घेतला. केक ठेवायचा, पण मेणबत्ती लावायची नाही, फुंकायचं नाही. त्याऐवजी भाईजानांनी दुआ करायची, असं ठरलं. भाईजान म्हणाले, "दुआ करीन. केकचं मला सांगू नका."

त्या दिवशी सकाळी अंगणातल्या निंबाच्या फांदीला आम्ही तराजू बांधला. एका बाजूचं पारडं काढून तिथं जुन्या चादरीची झोळी लावली. दुसऱ्या बाजूला मुरमुऱ्यांसाठी मोठं पोतं टांगलं. अम्मीच्या ओळखीच्या म्हाताऱ्या बाया आल्या. वस्तीतली तीसेक पोरं आली. अंगणवाडीच्या ताई रजिस्टर घेऊनच आल्या. दर महिन्याला त्याच मुन्नीचं वजन करतात. त्यांच्या तक्त्यावर तीन रंग असतात. कितीतरी महिने मुन्नीचा ठिपका पिवळ्यात होता आणि बहू तो तक्ता बघायला घाबरायची. दोन वर्षांच्या मुलीचं वजन नऊ किलोंच्या खाली असलं तर ते कमी धरतात, हे ताईंनीच आम्हाला समजावलं होतं.

मी मुन्नीला उचलायला वाकलो, तेवढ्यात भाईजान पुढे आले. "थांब," म्हणाले, "रिकामा काटा दाखवलास का?"

वालिदांचा हा नियम होता. माल घालण्याआधी रिकामा तराजू उचलून शेतकऱ्याला दाखवायचा. दांडी सरळ दिसली की मगच माप सुरू. कुराणात माप मारणाऱ्यांच्या नावाचीच एक सूरा आहे, मुतफ्फिफीन. वालिद ती वारंवार म्हणायचे. सूरा रहमानमध्येही आसमानाच्या पाठोपाठ तराजूचा उल्लेख येतो. मापात खोट करू नका, असं तिथं सांगितलं आहे. भाईजान वालिदांबरोबर बाजारात जायचे, मी शाळेत जायचो. तराजू त्यांच्या हाताला माहीत होता.

त्यांनी दांडीवरचा दोर सैल केला. रिकामी झोळी, रिकामं पोतं. दांडी डावीकडे झुकली, झोळीच्या बाजूला.

"पासंग आहे," भाईजान म्हणाले. "वर्षानुवर्षं पडून आहे. गंज चढला. असं तोललं तर पोरीचं वजन खोटं येईल. आपल्याला खोटं नको."

त्यांनी अंगणातला एक खडा उचलला, हातात तोलून पाहिला, टाकला, दुसरा उचलला. फडक्यात गुंडाळून उजव्या बाजूच्या कडीला बांधला. दांडी हळूहळू सरळ झाली. मी ते बघत होतो आणि मला घाम फुटल्यासारखं झालं. माझ्या तराजूतही पासंग होता. नातवाच्या बाजूला झुकलेला. मी तो कधी रिकामा उचलून बघितलाच नव्हता. तो होता हे बहूनं दाखवलं, आणि मी मात्र त्याला काटकसर म्हणत होतो.

मुन्नी घाबरू नये म्हणून आधी बाबूला झोळीत बसवलं. त्यानं पाय हलवून सगळ्यांना हसवलं. मग मुन्नीची पाळी यायच्या आधी बहूनं एक गोष्ट केली, जी आमच्या कुठल्याच यादीत नव्हती. वालिदांच्या वजनांच्या पेटीतून तिनं एक किलोचं एक आणि दोनशे ग्रॅमची दोन वजनं काढली. पदरात बांधली, आणि ते गाठोडं तिनं रिकाम्या झोळीत ठेवलं. झोळी खाली आली.

"एवढी होती," ती म्हणाली.

अंगणात कुणी बोललं नाही. "वाचणार नाही" म्हणणाऱ्या बाया तिथंच होत्या. त्यांतल्या एकीनं पुढे होऊन ते गाठोडं हातात घेतलं, तोललं आणि दुसरीच्या हातात दिलं. ते असं हातोहाती फिरत बहूकडे परत आलं.

मग मुन्नीला बसवलं. मुलानं झोळीखाली हात धरून ठेवला होता. ती रडली नाही. निंबाच्या पानांकडे बघत राहिली. पोरांच्या हातात एकेक वाटी दिली होती. मी मोजायला सुरुवात केली, "बरकत!" आणि पहिली वाटी बाबूनं टाकली. दोन, तीन, चार. मुरमुरे पडत होते आणि मुन्नी जिथं होती तिथंच. पोरं हसून लोळायला लागली. ओळ संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मोठ्यांनी सुपानं घातलं. पोतं भरलं, दुसरं पोतं जोडावं लागलं. म्हाताऱ्या बायांनीही ओंजळी टाकल्या. भाईजान नुसते दांडीकडे बघत होते. शेवटी त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले. त्यांनी एक मूठ घेतली, बोटांमधून थोडे थोडे मुरमुरे सोडले. मुन्नी हळूच वर आली. दांडी सरळ झाली.

पोती उतरवून मुलानं दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजली. दहा किलो चारशे ग्रॅम. ताईंनी रजिस्टरमध्ये ठिपका टाकला आणि म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी हिरव्यात आहे बरं का! चांगली मधोमध."

भाईजानांनी दुआ केली. लांबलचक केली. त्यात अम्मीची न जगलेली चार मुलंही आली, ज्यांची नावं मी पहिल्यांदाच ऐकली. ती त्यांना ठाऊक होती, मला नव्हती. मग केक कापला. भाईजान तेव्हा पाठ फिरवून तराजू सोडवत होते, पण पत्नीनं बशीत नेऊन दिला तेव्हा त्यांनी खाल्ला. गुलगुले दहा मिनिटांत संपले. साबणाचे बुडबुडे अंगणभर उडाले. मुन्नीला सगळ्यात जास्त तेच आवडले. तिला तराजूचं काही नव्हतं. अकराला सगळं आटोपलं आणि ती दुपारी वेळेवर झोपली.

दहा किलो चारशे ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅमच्या एकशेचार पुड्या. घरच्या सगळ्यांनी बसून बांधल्या. आलेल्या पोरांना एकेक, अंगणवाडीत, मदरशातल्या पोरांना आणि ज्या बाया आल्या होत्या त्यांनाही. कुणी म्हणालं, हा कसला वाढदिवस, मुरमुऱ्याचा! बहूनंच उत्तर दिलं, "आमच्या मुन्नीच्या वजनाचा आहे." तिच्या आवाजात जो रुबाब होता, तो सत्तावीस हजारांच्या कमानीखाली उभं राहून आला असता की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी तराजू परत माळ्यावर चढवताना बाबूनं विचारलं, "दादा, पुढच्या वर्षी काय?"

मी त्याला शहजाद्यांची गोष्ट सांगितली. दर वर्षी एक जिन्नस वाढवायची. पुढच्या वर्षी मुरमुरे आणि गूळ.

"आणि मी?" तो म्हणाला. "मी कशानं?"

"तूही त्याच तराजूत," मी म्हणालो. फडक्यात बांधलेला तो खडा काढून मी वजनांच्या पेटीत ठेवला. पुढच्या वर्षी बसवायच्या आधी तराजू पुन्हा रिकामा उचलून पाहायचा आहे.